पोत्यांच्या वहीची मागची पानं

पुढून उघडली तर वही मिठाची:
तारीख, वाफा, टोपल्या, पोती, सही.
मागून उघडली की चिखल्यांची.
शिरोड्याच्या या आगरावर
पगार मला पुढच्या पानांचा मिळतो.

गणपती पोचवून आलो की
दोन-चार दिवसांत टिलवे येतात.
एकेकाचं वजन चार सुपाऱ्यांइतकं
(काटा माझ्याच ताब्यात असतो,
तोललेलं मात्र नाही, अंदाजानं सांगतो).
सुकती लागते, खाडी मागे सरते,
आणि तिच्या ओल्या कडेला
टीप घालत घालत हे पळतात.
उसवतंय काय, ते त्यांनाच ठाऊक.

चिखल्याची रीत निराळी.
चार पावलं धाव, थांब.
मान तिरकी करून असा उभा,
जसा बाजारात मध्येच कुणी
काय आणायचं होतं ते आठवत राहतो.
मग एकदम वाकतो. किडा. पुन्हा धाव.

तुतवार एकटा.
उघाडीच्या दगडावर शेपूट वरखाली,
दिवसभर होय होय होय.
आबलो म्हणाला, "मालकासमोर उभो आसा तो."

उधाणाच्या भरतीला चिखल बुडतो,
तेव्हा सगळे बांधावर येऊन बसतात,
तोंडं वाऱ्याकडे,
एक पाय पोटात जपून ठेवलेला.
दीडशे मोजले की कुणीतरी उडतं,
मी पुन्हा एकपासून.

चैत्रात टिलव्यांच्या पाठीवर तांबूस चढतं.
एका सकाळी चिखल नुसता चिखल असतो.

चिखल्याची एक जोडी मात्र राहिली.
अकरा आणि बाराच्या मधल्या बांधावर
तीन अंडी, उघड्यावर,
खड्यांत खडे.
ज्या उन्हात मीठ धरतं त्याच उन्हात.
नर कुठला, मादी कुठली, मला कळलं नाही.
एक बसे, दुसरं पाण्यावर जाई,
पोट भिजवून येई, अंड्यांवर टेकवी,
मग पहिलं जाई.
मी प्रत्येक फेरीला टिंब देत गेलो.
बारा ते दोन: एकवीस.
पुढच्या पानावर, त्याच दोन तासांत,
गोविंदी आरोसकरच्या टोपल्या एकोणीस.

टोपल्यांची वाट त्याच बांधावरून.
गोविंदी पुढे असते, बाकीच्या तिच्या मागे.
पहिल्या दिवशी ती थबकली,
डोक्यावरचं ओझं सांभाळत खाली बघितलं,
आणि बांध सोडून वाफ्यात उतरली,
घोटाभर खाऱ्या पाण्यात,
टाचांच्या भेगा घेऊन.
मागच्या सहाजणी तशाच उतरल्या.
कुणी काही बोललं नाही.
फक्त शेवटची, पार्वती, म्हणाली,
"वायच वाकडा पडता, पडांदे."

आबलोचा कुत्रा वास काढत आला
तर तो एवढासा जीव पंख मोडून लोळला,
फरफटत, विव्हळत, वीस हात लांब.
कुत्रा मागे.
मग पंख एकाएकी बरा झाला.
कुत्र्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं.

शनिवारी मुकादमानं विचारलं,
अकराव्या वाफ्याचं मीठ तुडवलेलं का,
पोती कमी का.
मी लिहून दिलं: बांध खचला.
पंधरा वर्षांत पुढच्या पानांवर
एवढं एकच खोटं.

पिल्लं फुटली त्याच दिवशी चालायला लागली.
काडीएवढ्या पायांवर कापसाचे तीन गोळे,
चार पावलं धाव, थांब,
कुणी शिकवलं नव्हतं.
दुपारपर्यंत बांध रिकामा.
एक खळगा. बशी बसेल एवढा.

त्यालाही आता दोन आठवडे झाले.
बायका अजून तिथं आल्या की
बांधावरून उतरतात,
पाण्यातून वळसा घेतात,
पुन्हा चढतात.
आज गोविंदीला म्हटलं, अगो, आता काय नाय थय.
"म्हायत आसा," ती म्हणाली
आणि उतरली.